मंगळीच्या नावाची डबी

सन अठ्ठावन्नात सिद्धगडाच्या पायथ्याला, कातकरवाडीत, जंतांची तपासणी आली. सरकारी माणूस केणी यानं दर माणशी एक पत्र्याची डबी वाटली आणि सकाळी परसाकडला जाल तेव्हा तीत नमुना भरून आणा म्हणून सांगितलं. वाडी पोट धरधरून हसली. ठकू मात्र हसली नाही. डबीवर पोरीचं नाव होतं, आणि नावासकट अंगातलं काही परक्याच्या हाती पडलं की करणी व्हायला कितीसा वेळ! पाच वर्षांच्या मंगळीच्या डबीत तिनं गुपचूप आपलंच भरून दिलं. आईच ती, दुसरं काय करणार?

महिन्याभरानं केणी औषध घेऊन आला, तेही फक्त ज्यांच्या डबीत जंत सापडले त्यांच्यापुरतं. ठकूचं पोट साफ निघालं होतं, म्हणून वहीत मंगळीही साफ. इकडे मंगळी दोन दिवस झोपडीत तळमळत होती. पोट फुगून दगड झालेलं, ओकारीतून वीतभर जंत पडलेले.

तिचा बाप सावळ्या, राग सदा नाकावर. त्यानं औषध मागितलं. वहीत तिच्या नावापुढे जंत नाहीत, बाकीची नावं उरकली की येऊन बघतो, असं केणी म्हणाला. मेल्याला वहीपुढे पोर दिसेना. सावळ्यानं कुऱ्हाडीचा दांडा उचलला. पहिल्या तडाख्यात केणीचं मनगट मोडलं, दुसऱ्यात दोन दात पडले. तो खाली कोसळला तरी दांडा थांबेना. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि ते एकट्या ठकूला ठाऊक होतं. बोलावं तर नवरा जीव घेणार. न बोलावं तर औषध देणाराच मरणार आणि मागोमाग मंगळी.

"त्याला मारू नको," ती म्हणाली. "त्याचं काय चुकलं नाय. मंगळीच्या डबीत मीच माझं भरलं व्हतं."

दांडा तिच्यावर वळला. तिनं हात आडवा घातला नाही. खांदा, पाठ, बरगड्या, जिथे बसेल तिथे बसला. नवराबायकोच्या मधे कोण पडतो, म्हणत वाडी बघत राहिली. केणीच रक्त थुंकत, एका हातावर रांगत झोपडीत शिरला. मंगळीच्या नाकाशी त्यानं बोटं धरून पाहिली.

मग त्यानं हाक मारली. "सावळ्या, सोड तिला. पोरगी गेली."

सावळ्यानं ऐकलं, तरी उगारलेला तडाखा त्यानं घातलाच. ठकूला तो लागलासुद्धा नाही.