अर्धी ओवी

"हळद दळू दळू, पीठ पडं केशराचं…"

तानाबाईचा तो आवाज रूपालीच्या कानात लहानपणापासून घुमत होता. उचगावात कुणाचंही लगीन असो, हळदीच्या जात्याचा खुंटा तिच्या आईच्याच हाती. एकीनं पहिली ओळ टाकायची, दुसरीनं ती झेलायची. "ओवी अर्धी ठिवली तर जातं उपाशी ऱ्हातं," आई दटावायची.

आता तीच आई एमआरआयच्या बोगद्यात गुमान पडली होती. दिवाळीत मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं बंद झालं, तोंडाला पदर लागला तो लागलाच. पहिल्या स्कॅनमध्ये मेंदूतला बोलण्याचा भाग, काम करताना लाल व्हायचा तो, निळा निघाला, आणि सगळे धरून चालले की तिथं आता कुणी राहत नाही.

"आक्का, आजचं शेवटचं," धाकटा भाऊ धम्मपाल काचेबाहेर उभा राहून म्हणाला. "निळंच निघालं तर बोलायची शिकवणी बंद. म्हातारीला किती वढायची?"

रूपाली याच मशीनवर संशोधन करायची, म्हणूनच नुसत्या रंगावर तिचा भरवसा नव्हता. रंग सांगतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा हिशेब. पेशींनी त्यातला किती खाल्ला, ते तो सरळ सांगत नाही. आज ती दोन्ही वेगवेगळं मोजणार होती: रक्त किती आलं, आणि त्यातला ऑक्सिजन किती संपला.

मागच्यासारखे शब्द वाचायला लावायचे नाहीत, हेही तिनं ठरवलं होतं. तिनं माईक ओढला, घसा खाकरला आणि पहिली ओळ टाकली. दुसरी टाकलीच नाही.

"आई, मनातल्या मनात झेल."

"दवाखान्यात हळद काढलीस व्हय?" धम्मपाल हसला. पण हसता हसता त्याचेही डोळे पडद्याला चिकटले.

भाग निळाच उमटला. धम्मपालनं मान खाली घातली. रूपालीनं मात्र दुसरं माप उघडलं, गणित होईतो चहा गार झाला, आणि आकडे आले तशी ती खुर्चीतून उठलीच.

"धम्मा, बघ की. रक्त हुतं तेवढंच आलंय. पण त्यातला ऑक्सिजन भराभर संपलाय. म्हणून तर निळं दिसतंय."

"म्हंजे?"

"आईनं रोजच्याएवढ्याच भाकरी केल्या, आणि बुट्टी रिकामी झाली, तर काय समजायचं?"

धम्मपालचा चेहरा उजळत गेला. "म्हंजे घरात जेवणारं हाय की."

"हाय. आणि उपाशी न्हाई."

दोघं जवळजवळ पळतच बाहेर आली. मशीनमधून काढलेली तानाबाई बाकावर बसली होती, पदर तोंडाशी. रूपाली तिच्या गुडघ्यांपाशी खाली बसली. तिचा हात धरला.

"आई, तू ओवी झेललीस. मी बघितली."

तानाबाईनं लेकीकडं पाहिलं, मग लेकाकडं. हळूच पदर खाली घेतला. ओठ एका बाजूला ओढले गेले.

"येतं गं… समदं येतं," ती अडखळत म्हणाली. "वाकडं येतं… लोक हसत्यात. म्हून… गप हुते."