टाकीजवळचा गुलाब

जुन्या गुलाबबागेचे मुख्य माळी हे तिचे सख्खे मामा. ती स्वतः प्रयोगशाळेत झाडांच्या जनुकांची तपासणी करायची. मामा तिला कधी लाडाने, कधी चिडून ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे. गेले पंधरा दिवस मात्र ते तिला काहीच म्हणत नव्हते.

कारण होतं पाण्याच्या टाकीजवळचं झाड. टाकी वाढवायची होती आणि ते मधे येत होतं. बागेच्या समितीने ठरवलं, चाळीसच्या चाळीस जुन्या गुलाबांची तपासणी करून घेऊ, कोण कोणाचं लेकरू ते एकदाचं कळू दे. दुर्मीळ असेल ते राखू, बाकीच्याचं काय करायचं ते मग बघू. तपासणी तिच्याकडेच आली. निकाल असा, की टाकीजवळचा गुलाब कुठल्याही रोपवाटिकेत मिळणारा साधा गुलाबी. कुठल्याच नोंदीत न सापडणारा निघाला तो फाटकाजवळचा.

“साफ चूक,” मामा म्हणाले होते. “टाकीजवळचं झाड माझ्या गुरूंच्याही आधीपासून आहे. त्याच्या नुसत्या पानाला वास येतो. फाटकवाल्याच्या येतो का?”

“मामा, वासावरून वंश ठरत नाही.”

“मग माझं नाक कापून घाल तुझ्या यंत्रात!”

त्यानंतर अबोला. समितीने झाड काढायची तारीख ठरवली, आणि ती तारीख आज होती.

सकाळी साडेनऊला ती संगणकापुढे बसून चाळीस गुलाबांचा वंशवृक्ष मांडत होती. फाटकाजवळचा गुलाब त्यात सगळ्यांत वर जाऊन बसला होता. बागेतल्या अकरा गुलाबांची आई तोच ठरत होता. वंशवृक्षाला जोड म्हणून तिने काल आणखी एक छोटी चाचणी लावली होती, झाड बारमाही फुलतं की वर्षातून एकदाच, हे सांगणारी. तिचे निकाल ती एकेक करून भरत गेली आणि फाटकाजवळच्या गुलाबापाशी थबकली. वर्षातून एकदाच.

हे कसं शक्य आहे? फाटकाजवळच्या गुलाबाला तिने कधी बिनफुलांचं पाहिलंच नव्हतं. आणि टाकीजवळचा? तो पंधरा दिवस फुलायचा आणि मग वर्षभर नुसता पाला.

तिने शीतकपाट उघडून नमुन्यांच्या नळ्या बाहेर काढल्या. टाकीजवळचा नमुना क्रमांक सहा, फाटकाजवळचा नऊ. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो, म्हणून आकड्याखाली रेघ मारायची हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. दोन्ही गोल झाकणांवर आकडे होते. रेघ एकाच्याही खाली नव्हती. अक्षर तिचंच होतं.

मामांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. बागेच्या कार्यालयातला कारकून म्हणाला, “ते झाड काढायला गेलेत ना, फोन इथे टेबलावरच आहे.”

“धावत जा आणि त्यांना थांबवा!”

“मी एकटाच आहे हो इथे. जागा सोडून कसा जाऊ?”

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई दारात उभ्या होत्या. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाईंनी नळ्या हातात घेऊन पाहिल्या.

“पुन्हा तपासायला चार दिवस लागतील. आत्ता बोललीस आणि हीच चाचणी चुकलेली निघाली तर?”

“तर माझं हसं होईल.”

“आणि झाड आधीच गेलेलं असेल तर?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “मग हे कोणाला कधी कळणारही नाही.”

ही धमकी होती, सल्ला होता की नुसता प्रश्न, ते तिला कळलं नाही. ती स्कूटरची किल्ली उचलून निघाली. बागेपर्यंत स्कूटरने वीस मिनिटं लागायची. एका चौकात सिग्नल लाल असताना तिच्या मनात येऊन गेलंच, गेलेलं असेल तर बरं. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली, की मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हाच तिला दिवा हिरवा झाल्याचं कळलं.

टाकीजवळ नुसता खड्डा होता. कुदळीने तुटलेली मुळं मातीतून पांढरी डोकावत होती. भिंतीपलीकडून काटक्या चिरडणाऱ्या यंत्राची घरघर येत होती.

ती धावली. मामा पाठमोरे उभे राहून आपल्या हाताने एकेक फांदी यंत्राच्या तोंडात सारत होते. तिने हाक मारली, पण त्या आवाजात ऐकू कोणाला येणार? तिने जाऊन थेट लाल बटण दाबलं.

“हात जाईल यंत्रात! अक्कल आहे का?” मामा ओरडले.

“मामा, चूक माझी. नळ्यांची अदलाबदल झाली. हे झाड साधं नाही. तुम्ही म्हणत होतात तेच खरं.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग पायाशी साचलेल्या भुशाकडे. त्यांचा चेहरा एवढा उतरला, की त्यांनी एक मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही मी,” ते म्हणाले. “म्हटलं, निदान माझ्या हाताने जाऊ दे.”

“काही उरलंय का?”

ते गुडघ्यांवर बसले आणि राहिलेल्या फांद्या उपसू लागले. बहुतेक जून, वाळकुड्या. हिरव्या, पेन्सिलीएवढ्या जाड अशा सात निघाल्या.

“छाट कलम लावून उपयोग नाही,” मामा म्हणाले. “टाकीची गोष्ट निघाली तेव्हाच गुपचूप सहा लावली होती, महिन्यापूर्वी. सगळी कुजली. डोळेच भरावे लागतील. गोणपाट भिजवून आण. उभी काय राहिलीस?”

दुपारपर्यंत दोघं रोपांच्या छपरात बसली. मामा जंगली गुलाबाच्या खुंटाच्या सालीला चीर द्यायचे, फांदीवरचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, सालीसकट अलगद काढून आत बसवायचे. ती पट्टी गुंडाळायची.

“सैल बांधतेस. आत हवा गेली की मेला तो,” मामा म्हणाले. असे एकोणीस डोळे भरले.

चार दिवसांनी फेरतपासणीचा निकाल आला. अकरा गुलाबांची आई टाकीजवळचीच होती. तिने समितीपुढे उभं राहून चुकीची कबुली देणारं पत्र स्वतः वाचलं. अध्यक्षांनी विचारलं, “म्हणजे तुमच्या कागदावर विसंबून आम्ही ते झाड चिरडलं?” ती म्हणाली, “हो.” प्रमुख बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पत्राखाली आपलीही सही केली.

मामांचा अबोला सुटला, पण पूर्वीसारखं काही झालं नाही. ती रोज संध्याकाळी छपरात जायची. दोघं पट्ट्या तपासायची. आज एक काळा पडला, परवा तीन. महिन्याभरात सतरा गेले. दोन डोळे मात्र फुगले, त्यांतून लालसर कोंब आले. त्या संध्याकाळी मामांनी चहाचे दोन पेले आणले आणि एक तिच्या हातात दिला.

वर्षाने दोन्ही रोपं कमरेएवढी झाली. फूल अजून नव्हतंच. एक मामांनी बागेत लावलं. दुसरं कुंडीतच ठेवलं.

“हे तिकडच्या बागेत नेऊन दे,” त्यांनी दोनशे मैलांवरच्या गावाचं नाव सांगितलं. “एकाच ठिकाणी नको. आपल्या दोघांचाही भरवसा नाही.”

ते हसले की नाही, हे तिला दिसलं नाही. ते वाकून कुंडीला दोरी बांधत होते. ती कुंडी मांडीवर घेऊन बसमध्ये खिडकीशी बसली. पहिल्याच वळणावर शेजारची बाई कुरकुरली, “काटे लागतायत हो!” तेव्हा तिने रोप आपल्याकडे वळवून घेतलं आणि सहा तास तसंच धरून ठेवलं.