बायकांचे शंभर यार्ड

अर्ध्या वाटेत मालिनी थांबली. तोंडातला चमचा काढून तिने कमरेला खोचला, लिंबू मुठीत घट्ट धरलं आणि धावत सुटली.

आजूबाजूला कॉलनीतल्या बायका मान ताठ ठेवून, लिंबावर नजर लावून पावलापुढे पाऊल टाकत होत्या. त्यांच्यामधून ती सरळ निघून गेली. पाचवारी साडी पोटऱ्यांना आवळत होती म्हणून डाव्या हाताने तिने निऱ्या उचलून धरल्या होत्या. दोरी छातीला लागली तेव्हा मैदानावर हशा पिकला. क्लबचे अध्यक्ष विष्णुपंत कर्ण्यावरून म्हणाले की मालिनीबाई बाद झाल्या आहेत, त्यांना बहुधा चहाची घाई असावी. हशा पुन्हा उसळला.

मालिनी मंडपापाशी गेली आणि लिंबू विष्णुपंतांच्या पुढ्यात ठेवलं.

"पुढच्या वर्षी बायकांची खरी शर्यत ठेवा. शंभर यार्डांची," ती धापा टाकत म्हणाली. "हे सरबताला वापरा."

हे झालं चौपन्न सालच्या जानेवारीत, अंबरनाथला, कारखान्याच्या क्वार्टर्समागच्या मैदानावर. क्लब तसा हौशी मंडळींचा. कारखान्यातले ऑफिसर, हेडक्लार्क, दोघे डॉक्टर, कारखान्याच्या शाळेतले ड्रिलमास्तर. संध्याकाळचा भोंगा झाला की पुरुष अर्ध्या चड्ड्या घालून मैदानावर उतरायचे, गोळा फेकायचे, धावायचे, आणि दिवेलागणीला वेताच्या खुर्च्यांत बसून चहा घ्यायचे. बायकांसाठी कोजागिरी होती, हळदीकुंकू होतं, आणि वार्षिक क्रीडासप्ताहात लिंबू-चमचा, सुईदोरा आणि संगीतखुर्ची. मालिनीचा नवरा दिनानाथ क्लबचा चिटणीस होता. सुईदोऱ्याच्या सुया दर वर्षी तोच विकत आणायचा.

त्या दिवशी घरी आल्यावर तो जेवायला बसला. जेवताना म्हणाला, की लोक हसत होते. मालिनी म्हणाली, हो, तिने ऐकलं. आणि त्याला आमटी वाढली.

लग्नाआधी ती साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत होती. तिथे शंभर यार्डांत तिला कोणी गाठू शकलं नव्हतं. मॅट्रिकच्या वर्षी तर तिची पाठ बघतच बाकीच्या धावल्या. मग लग्न झालं, ती अंबरनाथला आली, आणि चार माणसांत भरभर चालायचं नाही एवढं सासरी पहिल्याच आठवड्यात तिला कळलं. सांगितलं कोणीच नव्हतं. आपोआप कळलं.

कमिटीपुढे तिची मागणी दिनानाथनेच मांडली. नाइलाजाने मांडली, खाली बघत मांडली, पण मांडली. विष्णुपंत मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, आपली काही ना नाही, पण धावायला दुसरी कोण आहे? दुसरी बाई आणा, शर्यत ठेवू. सगळ्यांना हे फार आवडलं, कारण दुसरी बाई मिळणार नाही याची सगळ्यांना खात्री होती.

मालिनी घरोघरी गेली. शेजारच्या नीलिमाला दिवस गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धावायला मला काही नाही, पण मैदानावर गावातली माणसं असतात, कारखान्यातले कामगार असतात, ते उद्या दवाखान्यात येतात. कोणी म्हणालं, मुलांच्या परीक्षा आहेत. एकीने दार लावून घेतल्यावर आतून हसल्याचा आवाज आला. तो ऐकूनही मालिनी शेजारच्या दाराची कडी वाजवायला गेली. पावसाळा संपून दसरा आला तरी दुसरी बाई मिळाली नव्हती.

ती मिळाली पापडांमुळे.

उल्हासनगरच्या कॅम्पमधून सिंधी बायका तेव्हा कॉलनीत पापड-लोणची विकायला यायच्या. बराकींत राहणारी ही माणसं फाळणीत सगळं मागे टाकून आलेली. कॉलनीतले लोक त्यांच्याकडून माल घ्यायचे, भावात घासाघीस करायचे आणि त्यांना ओट्याच्या खालच्या पायरीवर बसवायचे. एका दुपारी अशीच एक तरुण बाई डोक्यावर पापडांची पाटी घेऊन येत असताना मालिनी खिडकीत उभी होती. वाटेत पाण्याच्या नळासाठी नवी चारी खणलेली होती, चांगली रुंद. बाकीच्या बायका वळसा घालून फळीवरून येत. ही आली, पाटीला एक हात लावला आणि चारी ओलांडून अलीकडे उतरली. पाटी हललीसुद्धा नाही.

मालिनीने तिला हाक मारून घरात बोलावलं आणि पापडांचं काही न विचारता विचारलं, की तुम्ही कधी धावला आहात का.

त्या बाईचं नाव लाजवंती. ती थोडा वेळ मालिनीकडे बघत राहिली. चेष्टा चालली आहे की काय याचा अंदाज घेत असावी. मग पाटी खाली ठेवून म्हणाली,

"दौडती थी. कराची में, स्कूल में." तिने पुढे सांगितलं, "आखिरी बार बंदर पे दौडी थी, जहाज के लिए. वो मैं दौड में नहीं गिनती."

मालिनीने तिला शर्यतीचं सांगितलं. लाजवंतीने एवढंच विचारलं, की त्या दिवशी पापड विकायला बंदी तर नसेल ना. नसेल, असं मालिनीने स्वतःच ठरवून सांगितलं.

दुसरी बाई मिळाल्याचं विष्णुपंतांना कळलं तेव्हा त्यांनी शब्द फिरवला नाही. कार्यक्रमपत्रिकेत 'स्त्रियांची धावण्याची शर्यत, शंभर यार्ड' असं छापूनही आलं. दुसरी बाई कोण, हे मात्र त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं.

डिसेंबरभर मालिनी पहाटे उठून क्वार्टर्सच्या पाठीमागे, देवळाकडे जाणाऱ्या मोकळ्या माळावर धावत होती. पहिल्या दिवशी पाचवारीने तिला तोंडघशी पाडलं. कोपर सोलवटून ती घरी आली तेव्हा सासूबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी कोपर बघितलं, माती लागलेली साडी बघितली. त्या आत गेल्या आणि ट्रंकेतून आपलं धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं घेऊन आल्या.

"काष्टा घट्ट घाल," त्या म्हणाल्या. "सैल राहिला तर पायात येतो."

त्यांना हे कसं माहीत, हे मालिनीने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

लुगड्यात पाय मोकळे झाले. दोन आठवड्यांत मालिनीचा जुना दम परत आला. लाजवंतीला सरावाला यायला सवड नव्हती, पहाटे बराकीत पापड लाटायचे असत. मालिनीला तिची काळजी वाटायला लागली. बिचारी सवय मोडलेली, दिवसभर ओझं वाहणारी, चांगलीच मागे पडेल आणि लोक तिला हसतील. तिने मनाशी ठरवून टाकलं, की शेवटी थोडं हळू व्हायचं. फार अंतर पडू द्यायचं नाही.

क्रीडासप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मैदानावर फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. मंडपात कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी प्रमुख पाहुण्या म्हणून बसल्या होत्या. लाजवंती शहाडहून मामेबहिणीची सलवार मागून घालून आली होती. तिने पाटी मंडपाच्या दोरखंडापाशी ठेवली आणि वर फडकं टाकलं. ती पाटी विष्णुपंतांनी पाहिली. मग त्यांनी दिनानाथला बाजूला घेतलं.

दिनानाथ मालिनीकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, की शर्यत रद्द केली आहे. लाजवंती सभासद नाही, आणि पाहुण्यांसमोर असं पापडवालीबरोबर धावणं बरं दिसणार नाही. पोत्यांची शर्यत संपली की लगेच पुरुषांची चालण्याची शर्यत पुकारायची, असं त्याला सांगितलं होतं.

"तुम्ही तुमचं पुकारा," मालिनी म्हणाली.

पोत्यांची शर्यत संपली. हसत, धूळ झटकत माणसं बाहेर पडली आणि मैदान रिकामं झालं. तेवढ्यात मालिनी दोरीखालून वाकून आत गेली. पदर तिने कमरेभोवती आवळून खोचला होता. मागोमाग चपला हातात घेऊन लाजवंती. दोघी मैदान ओलांडून फक्कीच्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या.

तिथे ड्रिलमास्तर चिंतामणी पिस्तूल घेऊन उभे होते. त्यांनी मालिनीकडे पाहिलं, मग मंडपाकडे पाहिलं. मंडपातून विष्णुपंत हाताने नाही-नाही करत होते. चिंतामणींनी पिस्तूल पाठीमागे नेलं.

"वहिनी, माझी नोकरी त्यांच्या शाळेत आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"नका उडवू," मालिनी म्हणाली. "आम्ही आमच्या सुटतो."

सगळं मैदान बघत होतं. कॉलनीतल्या बायका, कामगार, कुंपणावर बसलेली जवळच्या जांभूळ गावची शेतकरी मंडळी. मालिनीला स्वतःच्या उघड्या पोटऱ्यांना लागणारा वारा जाणवत होता आणि आश्चर्य म्हणजे लाज वाटत नव्हती. तिने एक, दोन मोजले.

तीनला दोघी सुटल्या.

पहिली काही पावलं मालिनीला शेजारी कोणी आहे याचं भान नव्हतं. जमीन पायाखालून मागे जात होती, श्वास बरोबर पडत होता, कुंपणावरून कोणीतरी आरोळी ठोकली. मग डाव्या बाजूला सलवारीचा फडफडाट आला. आला आणि पुढे गेला. मालिनीने सगळा जोर लावला. साताऱ्याला लावायची तेवढा लावला, त्याहून जास्त लावला. पुढची वेणी जवळ येईना. लाजवंती मान न हलवता, हात घट्ट जवळ घेऊन धावत होती. हे शिकवलेलं धावणं होतं. शेवटच्या रेघेपाशी दोरी धरायला कोणी नव्हतं. लाजवंती रेघ ओलांडून गेली, बरीच पुढे जाऊन थांबली, तेव्हा मालिनी रेघेवर पोचत होती.

टाळ्या आधी कुंपणावरून आल्या. मग मंडपातून एकट्याच हातांचा आवाज आला. मोठ्या साहेबांच्या पत्नी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांचं पाहून सगळा मंडप वाजवू लागला, आणि विष्णुपंतही.

मालिनी गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. लाजवंती चालत तिच्याजवळ आली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती, इतकी की ओळखू येईना. "अदी," ती म्हणाली. तिच्या भाषेत ताईला अदी म्हणतात. तिने हात पुढे केला. मालिनीने तो घेतला नाही. तिने काष्टा चाचपला, उगीचच सोडला, पुन्हा घट्ट खोचला.

"तू तीनच्या आधी निघालीस," ती म्हणाली.

"नहीं निकली."

"निघालीस."

लाजवंतीचं हसू तसंच राहिलं. तिने नुसती मान हलवली.

तेवढ्यात कर्णा खरखरला. स्त्रियांच्या शंभर यार्डांच्या शर्यतीत, ही आपल्या क्लबने यंदा मुद्दाम सुरू केलेली नवी शर्यत आहे, असं सांगून विष्णुपंतांनी पहिल्या क्रमांकासाठी सौ. मालिनीबाईंना पाहुण्यांच्या हस्ते कप घ्यायला बोलावलं. दिनानाथ मंडपातून जवळजवळ पळतच तिच्यापाशी आला.

"चल, बोलावताहेत," तो म्हणाला.

"पहिली ही आली."

दिनानाथने लाजवंतीकडे पाहिलं. "मला दिसलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "सगळ्यांनाच दिसलं."

"मग त्यांना तसं सांगा. हिचं नाव लाजवंती."

शर्टाच्या खिशाला लावलेली चिटणिसाची रेशमी फीत त्याने बोटांनी चुरगळली. मग तो वळला आणि मंडपाकडे परत निघाला. जाताना त्याची चाल येतानापेक्षा सावकाश होती. पण तो वाटेत कुठे थांबला नाही.

तो तिथे जाऊन काय बोलतो हे बघायला मालिनीला वेळ नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर ती वेणी होती. डाव्या बाजूने फडफडाट आला त्या क्षणी आपली मान तिकडे वळली होती, हे आता तिला स्वच्छ आठवत होतं. मान वळली नसती तर. आणि पहिली पावलं लहान पडली नसती तर. शाळेच्या वयानंतर इतका राग तिला कोणाचा आला नव्हता, आणि तो राग तिला सोडावासा वाटत नव्हता.

"परत धावशील?"

लाजवंतीने ओढणीने मान पुसली. "अभी?"

"आत्ता. ह्या वेळी तू मोज."

कर्ण्यावरून मालिनीबाईंचं नाव दुसऱ्यांदा आलं, अर्धवट तुटलं, आणि मग कर्ण्यात दोन माणसांच्या बोलण्याची नुसती कुजबुज ऐकू येऊ लागली. दोघी उलट्या दिशेने चालू लागल्या. सुरुवातीच्या रेघेवर आता चालण्याच्या शर्यतीचे पुरुष पांढऱ्या चड्ड्या घालून ओळीने उभे होते. मालिनीने त्यांना जरा मागे व्हायला सांगितलं.