घरी विचारून सांगतो

अश्वजित गेल्याचं विनोदला ऋषिकेशच्या स्टेटसवरून कळलं. तेही मनात जळफळाट होता म्हणून त्यानं ते उघडलं.

सोयाबीन काढायला अश्वजित आसेगावला गेला होता. सकाळपासून फोन उचलत नव्हता. वाशिमच्या आपल्या दुकानात ब्लाउजला हूक लावता लावता विनोदचं डोकं तापलं. गावी गेला की अश्वजित ऋषिकेशचाच होतो, असं त्याला नेहमी वाटायचं. ऋषिकेश त्याचा लहानपणचा दोस्त, एका ताटात जेवलेला. बसले असतील दोघं कुठं मटण शिजवत, म्हणून विनोदनं पाहिलं. तर अश्वजितच्या फोटोला हार आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. शेतातच छातीत कळ आली होती.

विनोद आसेगावला पोचला तेव्हा चिता पेटलेली होती. वाशिमला दोघं इतकी वर्षं एका खोलीत राहिले, पण त्याला कळवायचं कोणाला सुचलं नाही. रूम पार्टनरला कोण कळवतं?

जलदानविधीच्या दिवशी मांडवात माणूस मावत नव्हता. त्रिशरण-पंचशील झालं आणि अश्वजितच्या ग्यानबाकाकांनी माइक हातात घेतला.

“ज्याले बोलाचं हाय त्यानं नाव सांगा, अश्वजितशी नातं सांगा, आन दोन शब्द बोला. लांबवू नोका, जेवणं व्हायची हायेत.”

मामा बोलले, चुलतभाऊ बोलला. मग ऋषिकेश उठला. “मी ऋषिकेश. त्याचा जिगरी,” एवढं म्हणाला आणि माइक धरून ढसाढसा रडायला लागला. बायांनी डोळ्याला पदर लावले. अश्वजितची आई भागिरथाबाई उठून आली, तिनं त्याला पोटाशी धरलं.

मागच्या खुर्चीत विनोद जळत होता. रडायचा हक्कसुद्धा यालाच. अश्वजित झोपेत दात खातो, उजव्या कुशीवरच झोपतो, हे याला काय माहीत?

“वाशिमचे पावणे, तुमी बोला ना,” काका म्हणाले.

विनोद उठला. “मी विनोद.” पुढं नातं सांगायचं होतं. “आमी... एका खोलीत रायत होतो. माणूस चांगला होता.” माइक परत देऊन तो बसला.

जेवणं झाल्यावर ऋषिकेश त्याला पाण्याच्या टाकीपाशी भेटला.

“काहून बे, येवढंच बोलला?”

“अजून काय बोलू? तू रडला ना सगळ्यांच्या वाटचं.”

“माह्यावर कायले तापून राह्यला?”

“जिगरी ना तू त्याचा!”

“दोस्त होता माहा. पण एक सांगू? त्याले म्हटलं, थांब आज, मटण करू, त सदा एकच. ‘घरी विचारून सांगतो.’ मी म्हणो, लेका, तुही माय त अठी बसली, कोणत्या घरी विचारतं? त हासे आन तुले फोन लावे. मी समजून गेलो होतो. कोणाले बोललो नाई.”

“बायकोले विचारावं तसं?”

“तसंच. मी चिडवो, त लाजे बी.”

अश्वजितनं विनोदला कधी घर म्हटलं नव्हतं. फोनवर नुसतं विचारायचा, “थांबू का आज?” आणि विनोद तणतणायचा, “ऱ्हाय त्याच्यापाशीच!” ज्या एका शब्दासाठी तो झुरला, तो हा माणूस ओट्यावर बसून फुकटात ऐकत होता. लाजलेला अश्वजितही यानंच पाहिला.

“नंबर हाय ना माहा?” ऋषिकेशनं विचारलं. “कवाबी फोन कर.”

विनोद बसकडे निघाला. जळफळाट कमी व्हायचा सोडून वाढलाच होता.

आता दिवाळी होऊन गेली. दुकान सुरू आहे. अश्वजित विनोदबद्दल अजून काय काय बोलायचा, ते फक्त ऋषिकेशला माहीत आहे. त्याला फोन करायचा राहिला आहे.