सहावर ओढलेला पत्ता

मी पत्त्यांची पेटी बोलतेय. कॅसिनोत, बाकाराच्या टेबलावर, जिच्या तोंडातून एकेक पत्ता ओढून काढतात ती लाकडी पेटी. समुद्रकाठच्या काला ब्रूना गावात एक होता बार्तोलोमेओ, एक होती त्याची बायको पेलेग्रीना, त्यांची एक मुलगी कोलोंबा, त्याची एक बिनलग्नाची बहीण बेनेदेत्ता. आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीला टेकून, एक होते मी.

जन्म काही माझा मिठाशेजारी झाला नव्हता. अक्रोडाच्या लाकडाची मी. सुताराने घासून घासून मला इतकं गुळगुळीत केलं होतं की पहिले काही दिवस मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. पोटाला उतार दिला, समोर तोंड ठेवलं, तोंडात पितळेची जीभ बसवली. पत्त्यांचे सहा कॅट पोटात सहज मावतात. आत घालताना झाकण उघडून घालायचे, बाहेर मात्र तोंडातूनच काढायचे, आणि एकदा बाहेर आलेला पत्ता परत आत जात नाही. माणसं बोललेलं मागे घेतात, मला ती सोय नाही.

कॅसिनोत मी बार्तोलोमेओच्या हाताखाली होते. म्हणजे खरं तर तो माझ्या हाताखाली होता, पण त्याला ते कधी सांगितलं नाही. माणसं काय काय करतात ते तिथे पाहिलं. एक जाडी सरदारीण नशीब फळावं म्हणून प्रत्येक डावाआधी मला सशाचा वाळवलेला पाय घासायची. एक गृहस्थ पत्ता असा कोपऱ्यातून उचलून बघायचे, जणू खाली विंचू आहे. हरले की सगळे माझ्याकडे बघत. जिंकले की कुणी बघत नसे.

खेळ सोपा आहे. दोन बाजू: एक खेळणाऱ्याची, एक बँकेची. दोघांना दोन-दोन पत्ते. ज्याची बेरीज नवाच्या जवळ, तो जिंकला. एक्का म्हणजे एक, पुढे जितके ठिपके तितके, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा यांची किंमत शून्य. तिथे खरेखुरे राजघराण्यातले लोक येऊन बसत, त्यांना हे कधी खटकलं नाही. बेरीज दहाच्या वर गेली की दहा विसरायचे. पंधरा म्हणजे पाच. आठ-नऊ आले तर लगेच उलटून दाखवायचे. चार किंवा कमी असतील तर तिसरा पत्ता घ्यायचाच. सहा-सात असतील तर गप्प बसायचं. फक्त पाचावर माणसाला स्वतःची अक्कल वापरायची मुभा.

गप्प का बसायचं? तर ज्याने सगळ्यांत जास्त लावलं, पत्ते त्याच्या हातात असतात. पण त्याच्या बाजूने बाकीच्यांचंही लागलेलं असतं. त्याच्या लहरीने सगळी रांग बुडते. बार्तोलोमेओला या नियमाचं फार वेड. देवळात जाताना त्याचा पाय अडखळेल, पण या नियमाशी नाही.

त्याने स्वतः मात्र जन्मात कधी काही लावलं नव्हतं. पत्ते वाटणाऱ्यांना ते मनाईच होतं. मग एका कारखानदाराने हरल्याच्या रागात टेबलावर मूठ आपटली, माझा कोपरा तडकला, आणि त्याच वर्षी बार्तोलोमेओ निवृत्त झाला. साहेबांनी तडकलेलीला निवृत्ताच्या हाती दिलं आणि दोघांनाही घरी पाठवलं.

घरी आला आणि त्याने स्वयंपाकघरातच बाकाराचं टेबल मांडलं. पैसे नाहीत, पेलेग्रीनाने ते पहिल्याच दिवशी बजावलं. वाळलेले वाल लावायचे आणि हरलेल्याने कामं करायची: भांडी, जिना, कोंबड्या. जेवणाआधी तो ताठ बसून म्हणायचा, "लावा, लावा. झालं. आता हात मागे." एकदा पाद्री जेवायला आले होते, तेही दचकून हात मागे घेऊन बसले.

नियमाने बँक एकाकडून दुसऱ्याकडे फिरते. आमच्याकडे ती बार्तोलोमेओकडून निघून बार्तोलोमेओकडेच पोहोचायची. बँक जिंकली की त्यातला लहानसा वाटा घराचा असतो. कॅसिनोत घर म्हणजे मालक. इथे घर म्हणजे पेलेग्रीना. ती त्याच्या ताटलीतला सशाचा सगळ्यांत चांगला तुकडा उचलायची.

"एवढा मोठा वाटा नसतो," तो कुरकुरायचा.

"घर मोठं आहे," ती म्हणायची.

खेळणारा आणि बँक सोडून लावायची तिसरी जागा म्हणजे बरोबरी. दोघांची बेरीज सारखी आली तर बाकीच्यांचे वाल आपापल्या घरी परत, आणि बरोबरीवर लावणाऱ्याला आठपट. क्वचितच येते म्हणून तर आठपट. पेलेग्रीना दर वेळी तिथेच लावायची.

"वहिनी, हे वाल समुद्रात टाक, निदान मासे तरी खातील," बेनेदेत्ता म्हणायची.

"तुझ्या भावाशी लग्न ठरलं तेव्हाही लोक मला असंच काहीतरी म्हणाले होते," पेलेग्रीना म्हणायची आणि आणखी एक वाल ठेवायची.

ईस्टरला कोलोंबाने जेरोलामोला जेवायला बोलावलं. पलीकडच्या खाडीवरचा, मिठातले मासे विकणारा पोरगा. मागणी घालायला आला होता, हे फळीवरच्या मिठालाही माहीत होतं. त्याने सगळ्यांत जास्त वाल लावले. त्याला बरं वाटावं म्हणून कोलोंबाने आणि बेनेदेत्तानेही त्याच्याच बाजूने लावले. त्याला आला राजा आणि छक्की. म्हणजे सहा. म्हणजे गप्प बसायचं.

"अजून एक द्या, काका," जेरोलामो म्हणाला.

बार्तोलोमेओचं बोट माझ्या जिभेवर थिजलं. तरी पत्ता दिला. चार. सहा नि चार दहा, म्हणजे शून्य. बँकेकडे सहा होते. तो नुसता बसला असता तर बरोबरी होती, आणि पेलेग्रीनाला इतक्या वर्षांचं आठपट मिळालं असतं.

"चुकून झालं, काका. हा परत घालतो." आणि त्याने तो चार माझ्या तोंडात कोंबायला घेतला. माझ्या तोंडात!

"निघालेला पत्ता परत आत जात नाही," बार्तोलोमेओ म्हणाला. "आणि जो सहावर गप्प बसत नाही, त्याला मी मुलगी देणार नाही. आज भांड्यांचा डाव बुडवलास, उद्या घर बुडवशील."

त्या दुपारी सगळ्यांनी मिळून भांडी घासली. जेरोलामोने तर कढई इतकी घासली की तिचं बूड पातळ झालं.

पुढे कोलोंबा बापाशी बोलेना. त्याच्यासमोर सूप ठेवायची, मीठ विसरायची. तो तसंच प्यायचा. मग एकटाच मला खाली घ्यायचा, दोन्ही बाजूंचे पत्ते वाटायचा, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणायचा, "लावा, लावा." पेलेग्रीना चुलीजवळून बघायची. सहाचं नुसतं निमित्त होतं, हे तिला कळलं होतं. लेक सासरी गेली की समोरची खुर्ची कायमची रिकामी होईल, हे त्याला सोसत नव्हतं.

ऑलिव्ह उतरवून झाल्यावरच्या एका रविवारी जेवणं झाली आणि कोलोंबाने मला उचलून टेबलावर ठेवलं.

"बाबा, मांडा. जेरोलामो दारात उभा आहे."

"काय लावणार तो?"

"तो एकटाच नाही, मीही लावणार आहे. खेळणारा जिंकला तर लग्न. बँक जिंकली तर मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही."

बार्तोलोमेओने होकाराची मान हलवली. आलेला डाव नाकारायचा नाही, ही त्याची जन्माची सवय. पेलेग्रीनाने वालाची अख्खी बरणी बरोबरीवर उपडी केली.

"आणि बरोबरी आली तर?" बेनेदेत्ताने विचारलं.

"मी म्हणेन तसं," पेलेग्रीना म्हणाली.

"मग काय, आलीच म्हणायची ती," बेनेदेत्ताने टोमणा मारला.

जेरोलामो आत येऊन बसला आणि पत्ते पडले. त्याला दुरी आणि तिरी. पाच. अख्ख्या खेळात जिथे माणसाला स्वतःची अक्कल चालवायची मुभा, नेमकं तिथेच बिचारा येऊन अडकला. त्याने कोलोंबाकडे बघितलं.

"तुझंही यात लागलंय. घेऊ?"

"टेबलावर सल्ला विचारायचा नसतो," बार्तोलोमेओ म्हणाला.

"बघ बर्तो, तेव्हा सहावर कुणाला विचारलं नाही, आज पाचावर विचारतोय," बेनेदेत्ता जेरोलामोच्या खांद्यावरून त्याच्या पत्त्यांवर वाकून म्हणाली. "सुधारला हो पोरगा."

"बेनेदेत्ता, तोंड मीट."

"मी काय बोलले?"

जेरोलामो लाल झाला. "नको," तो म्हणाला. "बसतो."

बार्तोलोमेओने आपले पत्ते उलटले. चार आणि दोन. सहा. समोर पाच, हे बहिणीने सांगून टाकलं होतं. त्याला काहीच करायचं नव्हतं. नियम म्हणत होता बस, आणि बसल्याबसल्या तो जिंकला होता.

कोलोंबा खाली वालांकडे बघत होती. रडत नव्हती. टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती, लहानपणी करायची तसे.

आणि माझ्या जिभेवर बोट आलं. ते बोट मी ओळखते. चुकलेलं बोट घसरतं. हे घसरलं नाही. त्याने सावकाश पत्ता ओढला, आणि पोटात जो पुढे होता तो मी दिला. निवडून नाही हं दिला. फक्त जरा पटकन सोडला.

नव्वी.

"सहा आणि नऊ पंधरा," बेनेदेत्ता पुटपुटली. "म्हणजे पाच. अगं बाई, वहिनी."

बार्तोलोमेओ खाकरला. "चूक झाली. बँकेने सहावर बसायचं असतं. हा पत्ता खरं तर परत..."

"निघालेला पत्ता परत आत जात नाही," पेलेग्रीना म्हणाली. मग हात पुसत टेबलाशी आली. "आता ऐका. लग्न होईल. दर रविवारी दोघं इथे जेवतील, त्या खुर्च्यांवर, तुझ्यासमोर. आणि भांडी तू घासशील."

"बरोबरीत कुणी हरत नाही. मग भांडी मी का?"

"सहावर पत्ता कुणी ओढला?"

त्याने भांडी घासली. जेरोलामो पुसायला शेजारी उभा राहिला. दोघं काय बोलले ते पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण एकदा बार्तोलोमेओ हसला, हे नक्की.

लग्न झालं. पुढच्या वर्षी कोलोंबाला मुली झाल्या. एकाच दिवशी दोन, वजनालाही सारख्या.

"बरोबरी," पेलेग्रीना म्हणाली.

"आठपट यायला हव्या होत्या," बेनेदेत्ता म्हणाली.

"आत्या, दोन पुरेत," कोलोंबा पलंगावरूनच म्हणाली.

आता मी फळीवर नसते. रविवारी जमिनीवर, त्या दोघींच्या मधे असते. माझा तडकलेला कोपरा एकीने चावून गोल केलाय. जाताजाता तुम्हाला एकच सांगते: बाहेर कुठे खेळलात तर सहावर गप्प बसा. घरात काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्या दोघी पत्ते ओढतात, आणि ओढलेले पत्ते चिमुकल्या मुठींनी परत माझ्या तोंडात कोंबतात. मी कुरकुरत नाही. आणि बार्तोलोमेओ शेजारी गुडघे टेकून बसतो, त्यांना सोपं जावं म्हणून माझं झाकण उघडं धरून.