व्लास्ताच्या सूपात काय होतं

देठात बारीक भोक होतं, आणि सुरी फिरवण्याआधी लुबोरची नजर त्या भोकावर ठरते की नाही, एवढंच ओताकारला पाहायचं होतं. ठरली. लुबोरने किडका भाग कापून टाकला, उरलेली अळंबी नाकाशी नेली, मग पातेल्यात टाकली. म्हणजे आपल्याकडचाच. इथे इंग्लंडात लोकांच्या लेखी रानातली अळंबी म्हणजे निव्वळ विष. सकाळी दोघे टोपली घेऊन आले तेव्हा घरमालकीण दारात आडवी उभी राहिली होती. ‘मेजर, हे खाऊन तुम्ही मेलात तर मी कळवायचं कुणाला?’ ती थट्टेत म्हणाली, आणि ओताकार टोपली सावरत तिच्या बाजूने आत शिरला होता.

पण आपल्याकडचा म्हणजे काय? प्रागहून इकडे पाठवलेले हेरही आपल्याकडचेच... तेही लहानपणी आजीच्या मागून रानात हिंडलेले. डंकर्कच्या वेढ्यात तुमच्याच तुकडीत होतो, असं लुबोर म्हणतो. असेलही. तिथल्या चिखलात सगळे चेहरे सारखेच दिसायचे. युद्ध जिंकून मायदेशी परतलो तर तीन वर्षांत आपलंच सरकार, कम्युनिस्टांच्या हाती गेलेलं, मुळावर उठलं — इंग्लंडच्या बाजूने लढलेला अधिकारी म्हणजे घरातला साप. ओताकार सरहद्दीच्या जंगलातून निसटला. त्याची बायको व्लास्ता तेव्हा तापाने फणफणली होती. मी मागून येते, म्हणाली. त्यालाही आता तीन वर्षं होत आली.

“साहेब, तुमचा माझ्यावर विश्वास नाही,” लुबोर बटाटे सोलत म्हणाला. “तुमच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता. पण माझी गाडी पाचची आहे. मी परत तिकडे जाणार, बाईंना घेऊन येणार. फक्त त्यांना पटेल असा एखादा शब्द द्या. तुम्हा दोघांतला.”

“कांदा बारीक चीर.”

शब्द होता. लग्नाआधीचा, वेडगळ, तिसऱ्या माणसाने कधीच न ऐकलेला. तो कानावर पडला की व्लास्ता आहे त्या कपड्यांत निघेल — आणि हा त्यांचा माणूस असला तर थेट त्यांच्या हाती. जंगलात म्हणे पोलिसांनी खऱ्या सरहद्दीच्या अलीकडेच एक खोटी सरहद्द उभारली आहे, अमेरिकन गणवेशातले लोक हसून कॉफी देतात, सुटलो या आनंदात माणसं भडाभडा सगळं सांगून टाकतात... आणि हा खरा असला तर? तर मी नाही म्हणून तिला तिथेच कुजत ठेवणार.

“तू घरी गेला होतास म्हणतोस. तिने काय खायला घातलं?”

“हेच. अळंबीचं सूप.”

“त्यात काय होतं?”

“आता सूपाचीही साक्ष काढता का, साहेब?” लुबोर हसला. “बटाटे. लसूण. आणि शहाजिरं, चांगलं मूठभर.”

सापडला! ओताकारच्या छातीत आनंदाची एक दुष्ट उकळी आली. शेपू, बाळा, शेपू आणि आंबट साय. शहाजिरं आमच्या घरात कधी... कुणाच्या घरात? शेपू खुडणारे हात आठवत होते, पण ते सुरकुतलेले होते. आईचे. याच सूपावरून सासूसुनांची जुंपली होती, कुणीतरी ताटली आपटली होती, एवढं पक्कं. पण शेपू हवा म्हणून कोण हटून बसलं होतं? व्लास्ता ताटलीच्या अलीकडे होती की पलीकडे? तो डोळे मिटून त्या स्वयंपाकघरात शिरला. ती पाठमोरी उभी होती आणि काही केल्या वळेना.

“फडताळात बघ,” तो म्हणाला. “शहाजिरं असेल.”

सूप झालं. पहिल्याच घोटाला अंगभर ओळख पसरली — हेच, हेच ते — आणि तो धसकला. शेपू घातला असता तरी आपली जीभ हेच म्हणाली असती. भुकेल्या माणसाच्या साक्षीला काय अर्थ? उद्यापासून व्लास्ताच्या सूपात शहाजिरंच असणार, या परक्याने घातलेलं, आणि ते आता बाहेर काढता येणार नाही.

“बाई रोज तुमच्या नावाने रडतात हो.”

रडते? व्लास्ता रडायची का? मी पाहिलंय तिला रडताना?

लुबोरने वाडगा पुसून खाल्ला आणि कोट चढवला. “शब्द, साहेब. नाहीतर नाही म्हणा. मला राग नाही येणार.”

शब्द जिभेवर होता. गंमत म्हणजे आता त्याला लुबोरची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती हा माणूस खरा असण्याची, व्लास्ता खरोखरच या दारात उभी राहण्याची, आणि आपण तिच्याकडे पाहुण्यासारखं पाहत राहण्याची. नाही म्हणालो तर ते तिच्या जिवापायी की माझ्या... हे आता मला कधीच कळणार नाही. त्याने तोंड उघडलं. लुबोर दाराच्या मुठीवर हात ठेवून वाट पाहत होता.