भिंतीवरची बाई

कुंकवाचं ताट तानुबाईसमोर आलं, जरा थबकलं आणि तिला वळसा घालून मागच्या बाईकडे गेलं. ताट धरणाऱ्या आशा मॅडम महिला मंडळाच्या अध्यक्षा. तोंडभर हसून म्हणाल्या, "आजी, तुम्ही आत बसा ना. पंखा आहे तिकडे."

कुंकवाऐवजी पंखा! आणि दारावरच्या कमानीवर हातभर अक्षरांत काय, तर 'स्त्रीत्वाचा उत्सव'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तानुबाईला ताटं वळायची सवय होती. नवरा जाऊन सोळा वर्षं झाली होती. हरसूलच्या दवाखान्यात ती आया. तिच्या हातांवर जन्मलेली पोरं आता पोराबाळांची झाली होती. नाळ बांधताना एकीनंही तिचं कपाळ पाहिलं नव्हतं. सलली ती वेगळीच गोष्ट. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या लेकीनं, तृप्तीनं, सगळं पाहिलं, आपलं कपाळ पुढे केलं, हातात मोगऱ्याचा गजरा घेतला आणि म्हणाली, "थँक्यू, मॅडम."

जाऊ दे, पोरीचं पहिलंच चित्र प्रदर्शनात लागलंय, तानुबाईनं मनाला समजावलं. "तुझंच चित्र काढलंय, आई," असं तृप्तीनं सांगितलं म्हणून तर ती रजा टाकून, ठेवणीतलं लुगडं नेसून शहरात, गंगापूर रोडवर आली होती.

आत भिंतीभर बाया टांगलेल्या. एकीच्या डोक्यावर तीन घागरी, पण मान अशी की घागरींत पाणी सोडाच, वारासुद्धा नसावा. दुसरी बाळाला पाजत होती आणि बाळाचं तोंड भलतीकडेच.

"उपाशी मरंल की गं ते!"

"आई, हळू बोल ना!"

स्टेजवर निकिता नावाची नर्तकी कथ्थकमधून बाळंतकळा दाखवत होती. घुंगरं दणाणत होती, पण काजळ काही हललं नाही. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे टिपत होत्या. तानुबाईला हसू आवरेना. "खऱ्या कळा येतील ना, तवा हिचा ताल बघते म्हणावं!"

मग तृप्तीनं तिला कोपऱ्यातल्या चित्रापुढे नेलं. तेच नाक, हनुवटीवरचं तेच गोंदण, भुवईवरचा तोच व्रण. काय हात चालवला होता पोरीनं! तिचा ऊर भरून आला. मग नजर वर गेली. कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू.

"हे काय गं?"

"मॅडम म्हणाल्या, कुंकवाशिवाय चेहरा रिकामा वाटतो. नाहीतर चित्र घेणारच नव्हत्या."

"अन् तुला? तुला बी रिकामाच वाटला?"

तृप्ती उत्तर देणार तोच आशा मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या. "काय तेज आहे बघा! कोण गं ही?"

तानुबाई हातभर अंतरावर उभी होती. तृप्तीनं तिच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"कुणी नाही, मॅडम. काल्पनिक आहे."

तानुबाईनं पिशवी उचलली आणि कुणाला न सांगता बाहेर पडली.

स्टँडवर हरसूलची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली तेवढ्यात तृप्ती धापा टाकत आली. डोळे लाल झालेले, हातात तोच गजरा.

"आई, चुकलं माझं. हा घे, तुझ्यासाठी ठेवलाय. माळ ना, कुणी बघत नाही इथे."

तानुबाईनं गजरा घेतला. नाकाशी नेला. बरीच वर्षं झाली होती. मग खिडकीतून हात बाहेर काढून तिनं तो पोरीच्या ओंजळीत परत ठेवला.

"भिंतीवरच्या बाईला घाल, जा. तिला चालतंय."

कंडक्टरनं बेल मारली. तानुबाईनं पदरानं कपाळ पुसलं. घामाशिवाय पुसायला तिथं काही नव्हतं.